गोगलगायीचं निळं रक्त बनतं तरी कुठे?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत असते, आज लिहायला बसले कारण रविवारी लेकीला घेऊन इथल्या एका छोट्या मत्स्यालयात गेले होते (आम्ही सॅन डिएगोला असतो) आणि तिथे हात लावून बघायच्या उथळ टाकीत एक प्राणी होता, तळहाताएवढा, काळाकुट्ट आणि लिबलिबीत. पहिल्यांदा वाटलं कोणीतरी ओला मोजा टाकलाय पाण्यात. जवळून बघितलं तर त्या काळ्या मांसाखाली कवच होतं, बसक्या टोपीसारखं, आणि टोपीच्या शेंड्याला लांबट गोल भोक. हळूच बोट लावलं तर काळी कातडी आक्रसून मागे सरकली आणि खालचं पांढुरकं कवच दिसलं. आपल्याकडे रत्नागिरी-गुहागरच्या कातळांना ओहोटीला टोप्यांसारखे लिंपेट चिकटलेले असतात ना, त्याच धर्तीचा, पण त्यांना भोक नसतं आणि ते एवढे मोठेही नसतात.

हे म्हणजे जायंट कीहोल लिंपेट, शास्त्रीय नाव मेगाथुरा क्रेन्युलाटा, ही पण एक समुद्री गोगलगायच. कॅलिफोर्नियापासून खाली मेक्सिकोच्या बाहा किनाऱ्यापर्यंत सापडतो. वरचं भोक श्वास घेऊन झालेलं पाणी बाहेर सोडायला. तिथली बाई लेकीला म्हणाली की ह्याचं रक्त निळं असतं आणि औषधाच्या कामाला येतं, लेक लगेच म्हणे "आई, मग ह्याच्या हाडात निळं रक्त बनतं का?" आणि मी एमएस्सी झूलॉजी असून गप्प बसले. हाडं नाहीत, बोन मॅरो नाही, मग बनतं कुठे? घरी येऊन दोन रात्री वाचत बसले. जे हाती लागलं ते लिहिते, चुकलं तर सांगा.

तर रक्तात जे प्रथिन ऑक्सिजन वाहतं ते हिमोसायनिन. आपल्या हिमोग्लोबिनात लोह, ह्यात तांबं. तांब्याचे दोन अणू मिळून ऑक्सिजनचा एक रेणू धरतात, धरला की निळं, सोडला की पाण्यासारखं बिनरंगी. आणि हे प्रथिन आपल्यासारखं लाल पेशींच्या पिशवीत भरलेलं नसतं, थेट रक्तद्रवात मोकळं फिरतं.

आता बनतं कुठे. गोगलगायींच्या अंगात ऱ्होगोसाइट नावाच्या सुट्या सुट्या पेशी असतात, जुन्या पुस्तकांत त्यांनाच पोअर सेल म्हटलंय. ह्या कुठल्या ग्रंथीत गोळा झालेल्या नसतात, संयोजी ऊतींमध्ये इथे एक तिथे एक अशा विखुरलेल्या असतात, पायात, मॅन्टलमध्ये (म्हणजे कवचाला लागून असलेली मऊ कातडी), पचनग्रंथीच्या आजूबाजूला. कारखाना एका जागी नाही, गावभर घरोघरी विड्या वळतात तसा प्रकार. मला हेच सगळ्यात भारी वाटलं.

शंकासूर
पहिला! बाकी विडी कामगारांची उपमा सोलापूरकर म्हणून आवडली.
शंका १: हे नक्की कसं कळलं की त्याच पेशीत बनतं? रक्तात फिरणारं प्रथिन तर सगळीकडेच सापडणार ना.
शंका २: जांभळा रंग काढायचे ना पूर्वी समुद्री गोगलगायींपासून, राजेलोकांच्या कपड्यांसाठी, ते हेच रक्त का?

खाडीकाठ
@शंकासूर दुसरी आधी. नाही, तो जांभळा रंग म्युरेक्स कुळातल्या गोगलगायींच्या एका वेगळ्या ग्रंथीतून येतो, रसायन पण वेगळं आहे, निळीचं ब्रोमीन लागलेलं भावंड म्हणा. रक्ताशी संबंध नाही.

पहिली शंका एकदम रास्त आहे. प्रथिन शोधून उपयोग नाही, कारण तुम्ही म्हणता तसं ते रक्ताबरोबर सगळीकडे पोचलेलं असतं, म्हणून संदेश शोधायचा. म्हणजे जीनवरून जी आरएनएची प्रत निघते ती ज्या पेशीत बनली तिथेच असते, बाहेर रक्तात हिंडत नाही. युरोपच्या किनाऱ्यावर ॲबलोन नावाची समुद्री गोगलगाय असते, हॅलिओटिस ट्युबरक्युलाटा, तिच्या ऊतींच्या पातळ कापांवर हिमोसायनिनच्या आरएनएला चिकटणारा खुणेचा धागा सोडला, तर ऱ्होगोसाइट उजळल्या. २००१ चं काम, जर्मनीत माइन्त्सच्या विद्यापीठातलं. ॲबलोन आणि कीहोल लिंपेट तसे भाऊबंदच. गोड्या पाण्यातल्या लिम्निया गोगलगायीत पोअर सेलवर संशय १९७० च्या दशकातच घेतला गेला होता, पण तेव्हा हे तंत्र हाताशी नव्हतं.

मालवणी_तडका
ताई लिवलंय भारी, पण एक सांगा, आमच्याकडे रोज चिंबोऱ्या साफ करतो आम्ही, माझं उभं आयुष्य गेलं, निळं रक्त काय दिसलं नाही कधी. मळकट पाणी निघतं फक्त. ते पण निळ्या रक्तातलेच ना?

आजोबा_डोंबिवली
वा, बऱ्याच दिवसांनी वाचनीय धागा. एक सूचना, "निळं रक्त" म्हटल्यावर लोकांना शाईसारखं काहीतरी डोळ्यासमोर येतं. मी नोकरीत असताना आमच्या प्रयोगशाळेत मोरचूद पुष्कळ वापरायचो, त्याच्या मानाने हा रंग फारच फिका असावा. मोरचुदाचा निळा आणि हा निळा एकच का, दोन्हीत तांबेच आहे म्हणून विचारतो.

प्रथिनवेडा
@आजोबा नमस्कार काका. तांबं एकच पण निळेपणाचं कारण वेगळं. मोरचुदात तांब्याच्या अणूभोवती पाणी असतं, तो रंग तांब्याचा स्वतःचा. हिमोसायनिनात दोन तांबे समोरासमोर असतात, प्रत्येकाला हिस्टिडिन ह्या अमिनो आम्लाचे तीन तीन हात धरून ठेवतात आणि मधे ऑक्सिजन आडवा बसतो. बसताना तो तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतो, म्हणजे पेरॉक्साइडसारखा होतो, आणि रंग त्या जोडणीचा. सुटला की इलेक्ट्रॉन परत देऊन जातो, तांबं पुन्हा बिनरंगी अवस्थेत. शोषणाची मोठी रेघ ३४५ नॅनोमीटरच्या आसपास म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या भागात असते, निळा दिसतो तो दुसऱ्या, कमी ताकदीच्या पट्ट्यामुळे. म्हणून फिका. काका बरोबर आहेत, शाई बिई काही नाही, कपडे धुताना जरा जास्त नीळ पडलेलं पाणी असतं तसं.

हो, मी पुण्यात एका लॅबमध्ये अँटिबॉडीचं काम करतो, आमचं पोटच ह्या लिंपेटच्या रक्तावर चालतं, पुढे लिहितो. आत्ता बस आली.

खाडीकाठ
@मालवणी_तडका दादा, चिंबोरीत पण हिमोसायनिनच, पण एक गंमत आहे. नाव एक, रंग एक, काम एक, घराणं मात्र वेगळं. खेकडे-कोळंबी-विंचवाचं हिमोसायनिन आणि गोगलगाय-ऑक्टोपसचं हिमोसायनिन ही वेगवेगळ्या मुळातून आलेली प्रथिनं आहेत, बांधणी पूर्ण वेगळी, फक्त दोन तांब्यांनी ऑक्सिजन धरायची युक्ती दोघांची सारखी.
आणि दिसत का नाही, तर चिंबोरी तुमच्याकडे येईपर्यंत तासन्‌तास पाण्याबाहेर दोरीने बांधून पडलेली असते, गुदमरलेली, रक्तातला ऑक्सिजन संपलेला. बिनरंगीच दिसणार. वाटीत काढून थोडा वेळ हवेत ठेवून बघा एकदा.

मालवणी_तडका
बघतो. बुधवारी बाजार.

टाकीतली_गोगलगाय
मी फक्त वाचणार होते पण राहवत नाहीये 😀 माझ्याकडे घरी प्लँटेड टँक आहे, त्यात रॅम्सहॉर्न गोगलगायी आहेत, चपट्या, जिलबीसारख्या गुंडाळलेल्या, त्यातल्या काही चक्क लाल आहेत. दुकानदार म्हणाला रंगीत जात. मग ह्यांचं रक्त निळं कसं काय असेल?

आणि दुसरं म्हणजे माशांना पांढरे ठिपके पडले की तांब्याचं औषध घालतात, त्यानं मासे वाचतात पण गोगलगायी पटापट मरतात, माझ्या बावीस मेल्या एका रात्रीत. ज्यांच्या रक्तातच तांबं आहे त्या तांब्याने मरतात हे मला कळलंच नाही कधी.

खाडीकाठ
@टाकीतली_गोगलगाय अगं दोन्ही प्रश्न इतके नेमके आहेत ना!

रॅम्सहॉर्न कुळ हा अपवाद आहे. त्यांच्या रक्तात खरंच हिमोग्लोबिन असतं, लोहवालं. तुझ्या लाल गोगलगायींच्या अंगात काळा रंग कमी असल्यामुळे आतलं लाल रक्त बाहेरून दिसतं, दुकानदार अर्धा बरोबर. आणि हे हिमोग्लोबिन आपल्या हिमोग्लोबिनाचं सख्खं भावंड वगैरे नाही, ह्यांच्या पूर्वजांकडे निळं रक्तच होतं, नंतर स्नायूतल्या मायोग्लोबिनासारख्या प्रथिनाच्या प्रती जोडून जोडून त्यांनी नवीन, प्रचंड मोठं, रक्तात मोकळं फिरणारं हिमोग्लोबिन तयार केलं. २००६ मध्ये बायोम्फलेरिया ह्या रॅम्सहॉर्नच्या नातेवाईकावर हे काम छापून आलं. आणि ते बनवतं कोण? तीच ऱ्होगोसाइट! म्हणजे माल बदलला, कारखाना तोच. हे वाचून मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या अक्षरशः.

तांब्याचं असं आहे की प्रथिनाच्या खोबणीत बसलेलं तांबं आणि पाण्यात मोकळं सुटलेलं तांबं ह्यात घरातला विस्तव आणि घराला लागलेला विस्तव एवढा फरक आहे. मोकळं तांबं भलत्या एन्झाइमना जाऊन चिकटतं, श्वसनाच्या पडद्यांमधून क्षारांची जी ये-जा चालते ती बिघडवतं. म्हणूनच गोगलगायी मारायला मोरचूद वापरतात. ह्यांना तांबं तर हवंय, पण सुटं फिरू देऊन चालत नाही. रोमन गोगलगाय म्हणून जमिनीवरची मोठी जात आहे, हेलिक्स पोमाशिया, तिच्यात असं सापडलं की तांबं धरून ठेवणारं एक खास मेटॅलोथायोनिन (धातू पकडून ठेवणारं छोटं प्रथिन) फक्त ऱ्होगोसाइटमध्ये असतं आणि कॅडमियम धरणारं दुसरं वेगळं. ही दोन वेगवेगळी असल्याचं १९९७ मध्ये नेचर ह्या विज्ञान नियतकालिकात आलं होतं, ऱ्होगोसाइटचं त्यानंतर कळलं. म्हणजे जी पेशी हिमोसायनिन विणते तिच्याच कपाटात तांब्याचा साठा, कुलूप लावून.

शंकासूर
विणते म्हणालात. म्हणजे बनतं कसं तेही येऊ द्या. आणि मोठं मोठं म्हणताय ते किती मोठं?

प्रथिनवेडा
हे मी घेतो, ताईंना चहा पिऊ दे.

गोगलगायीच्या हिमोसायनिनची एक साखळी म्हणजे साधारण ३४०० अमिनो आम्लं, वजन चार लाख डाल्टनच्या घरात (एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचं वजन). आपल्या हिमोग्लोबिनाची चारही साखळ्यांसकट मोळी ६४ हजारांची, म्हणजे ह्यांची एकच साखळी आपल्या सहा हिमोग्लोबिनांएवढी. त्या साखळीत आठ मणी ओवलेले असतात, प्रत्येक मण्यात दोन तांबे, एक ऑक्सिजन. मण्यांना ए पासून एच अशी नावं. अशा दहा साखळ्या मिळून एक पोकळ पिंप होतं, ३५ नॅनोमीटर व्यासाचं, बाहेरची भिंत सहा मण्यांची आणि उरलेले दोन मणी आत वळून तोंडाशी कॉलर करतात. गोगलगायींमध्ये अशी दोन पिंपं तळाला तळ लावून चिकटतात. हिशोब करा, २० साखळ्या गुणिले ८ म्हणजे १६० मणी, १६० ऑक्सिजन, ३२० तांबे, वजन ८० लाख डाल्टन. २००९ मध्ये कीहोल लिंपेटच्या हिमोसायनिनचं क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरून मॉडेल आलं तेव्हा ते १६० च्या १६० मणी जागेवर बसवून दाखवले होते, ते चित्र माझ्या टेबलासमोर लावलंय.

आता बनण्याचा क्रम. रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिन बनवणाऱ्या यंत्रावर, साखळी तयार व्हायला लागते तेव्हा तिच्या टोकाला एक पत्ता असतो, सिग्नल पेप्टाइड, "हा माल बाहेर जायचाय" असं सांगणारा. त्यामुळे साखळी थेट एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या) पोकळीत शिरते आणि पत्त्याचं टोक कापून टाकलं जातं, कुरिअर पोचल्यावर स्लिप फाडतो तसं. आत प्रत्येक मणी आपापली घडी घालतो, गंधकाचे टाके पडतात, आणि साखरेच्या फांद्या चिकटवल्या जातात. ह्या साखरा महत्त्वाच्या, पुढे औषधात त्यांचाच मोठा वाटा आहे. ऱ्होगोसाइट कापून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितली तर रेटिक्युलमच्या फुगलेल्या थैल्यांमध्ये पिंपं तयार झालेली दिसतात, वरून बघितलं की गोल रिंग, बाजूने बघितलं की पट्ट्यापट्ट्यांचा चौकोन. म्हणजे जुळणी पेशीच्या आतच होते, सुटे भाग बाहेर पाठवून रक्तात फिटिंग असला प्रकार नाही.

पिंप उभं राहतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर. हे मी हाताने केलंय. ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) घालून ते दोन्ही काढून घ्या, पीएच साडेनऊच्या वर न्या, पिंपाच्या सुट्या साखळ्या होतात. परत कॅल्शियम-मॅग्नेशियम दिलं की बऱ्याच साखळ्या पुन्हा पिंपात बसतात. समुद्राच्या पाण्यात दोन्हीची ददात नाही म्हणून तिथे प्रश्न येत नाही.

आजोबा_डोंबिवली
एवढे मोठे करण्याचे प्रयोजन काय? निसर्ग उगाच उधळपट्टी करीत नाही.

प्रथिनवेडा
काका, उधळपट्टी तर आहेच! वजनाने बघा, हिमोग्लोबिन दर १६ हजार डाल्टनला एक ऑक्सिजन नेतं, हे दर ५० हजाराला एक. तिप्पट माल लागतो त्याच कामाला.

पण मोठं करण्यामागचं कारण असं की हे रक्तात मोकळं फिरतं. द्रवात विरघळलेल्या कणांची संख्या वाढली की तो द्रव पाणी ओढून घेतो, लोणच्याच्या मिठासारखं. आपण हा प्रश्न हिमोग्लोबिन पेशींत कोंबून सोडवला. ह्यांच्याकडे तशा पेशी नाहीत, मग हजारो सुटे मणी सोडण्याऐवजी १६० मणी एका पिंपात बांधले की कणांची संख्या १६० पटीने कमी. सुटी नाणी खिशात खुळखुळवण्याऐवजी बंदा रुपया.

टाकीतली_गोगलगाय
माझ्या टँकमध्ये वाळूत शिरणाऱ्या शंकूसारख्या लांबट गोगलगायी पण आहेत, मलेशियन ट्रम्पेट म्हणतात त्यांना, त्यांचं पण असंच का?

प्रथिनवेडा
मेलॅनॉइडिस! त्या तर ह्या सगळ्यांच्या वर. आपल्याकडच्या तळ्या-ओढ्यांतही असतात त्या, मलेशियन नुसतं नावाला. त्यांच्यात आणि त्यांच्या सेरिथिऑइड कुळातल्या समुद्री भावंडांत मेगा-हिमोसायनिन असतं, दोन साध्या पिंपांच्या मधे तिसरं जाडजूड पिंप, त्याच्या साखळ्या साडेपाच लाख डाल्टनच्या. एकूण १ कोटी ३५ लाख डाल्टन. तुमच्या टँकच्या वाळूत फिरतंय ते.

टाकीतली_गोगलगाय
आणि मी त्यांना पाणी बदलताना सिंकमध्ये टाकत होते 🙈

शंकासूर
ऱ्होगोसाइटवर परत येऊ का जरा? पिंप ३५ नॅनोमीटरचं आणि पेशीला नाव पोअर सेल, म्हणजे छिद्रं आहेत. त्या छिद्रांतून जातं का ते बाहेर?

खाडीकाठ
चहा पिऊन आले. शंकासूर, तुम्ही दशावतारातले नाही, शास्त्रज्ञच आहात.

ऱ्होगोसाइटच्या पृष्ठभागावर बारीक चिरा असतात आणि त्या चिरांवर पातळ पडदा, अगदी आपल्या मूत्रपिंडात पोडोसाइट पेशींची चाळणी असते तशी. चिरेच्या आत पेशीच्या कातडीखाली छोटा खड्डा, पोकळी म्हणा. साम्य इतकं आहे की ही गाळणारी पेशी असावी, रक्तातलं काहीतरी आत ओढून घेणारी, असं लोक म्हणत होते, आणि ते खोटं नाहीच, ती दोन्ही कामं करते. धातू साठवणं, रक्तातला कचरा उचलणं, आणि हिमोसायनिन बनवून सोडणं. प्रथिन भरलेल्या पिशव्या पृष्ठभागाशी येऊन उघडतात आणि माल बाहेर पडतो. मला हे आपल्या गावच्या त्या एका माणसासारखं वाटतं जो पोस्टमन पण असतो, दूध पण घालतो आणि मोटरपंप पण दुरुस्त करतो. माणसात यकृत, मूत्रपिंड आणि मॅरो ह्यांनी वाटून घेतलेलं काम इथे एकटी पेशी रेटते.

आणि गोगलगायीच्या बाहेर बघायचं तर ऑक्टोपस-माकूलमध्ये हेच काम कल्ल्यांजवळच्या एका ग्रंथीत होतं, तिथे बऱ्यापैकी एका छपराखाली आणलंय सगळं. हिमोसायनिन हे नाव पण ऑक्टोपसवरूनच पडलं, १८७८ मध्ये लेओं फ्रेडरिक नावाच्या बेल्जियन शरीरशास्त्रज्ञाने दिलं.

आजोबा_डोंबिवली
यात स्वीडनच्या स्वेडबर्ग यांचाही उल्लेख व्हावयास हवा. त्यांनी अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे द्रावण प्रचंड वेगाने गरगर फिरवणारे यंत्र, बनवले, १९२६ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्या यंत्रात त्यांनी याच रोमन गोगलगायीचे हिमोसायनिन फिरवले. त्या काळी पुष्कळांचे मत असे की प्रथिने म्हणजे लहानमोठ्या कणांचा चिकट लगदा. गोगलगायीच्या रक्ताची रेघ मात्र धारदार आली, सगळे कण एका मापाचे. आमच्या सरांनी हे वर्गात इतक्या रंगून सांगितले होते की मला अजून फळ्यावरची आकृती दिसते.

खाडीकाठ
काका हे माहीतच नव्हतं, मस्त!

कोकणी_पण_पुण्यात
+१ धाग्याला. अवांतर: शंख पण गोगलगायच ना? म्हणजे देवघरातल्या शंखात एके काळी निळं रक्त वाहत होतं. आजीला सांगितलं तर ती म्हणे विष्णूचा रंग निळाच असतो, त्यात काय एवढं. विषय संपला.

खाडीकाठ
😂 आजीशी वाद नाही. हो, शंखातला प्राणी गोगलगायच, कवडीतला पण. तिसऱ्या-शिवल्या-कालवं मात्र शिंपल्यात मोडतात, त्यांच्यात बहुतेकांच्या रक्तात असं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन नसतंच, विरघळलेल्या ऑक्सिजनवर भागवतात.

एक मला आवडलेली गोष्ट राहिलीच. आपल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला, आम्लता वाढली की हिमोग्लोबिन ऑक्सिजनवरची पकड सैल करतं, स्नायूंना मिळावा म्हणून. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बुसिकॉन नावाची मोठी शंखी असते तिच्यात उलटं होतं, आम्लता वाढली की पकड घट्ट. ओहोटीला ती दार लावून आत बसली, किंवा चिखलात जिथे ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त अशा ठिकाणी सापडली, तर जो काही थोडाफार ऑक्सिजन आजूबाजूला आहे तो उचलायला अशी घट्ट पकड उपयोगी पडत असावी. हे शेवटचं वाक्य माझा तर्क धरा.

प्रथिनवेडा
आता माझ्या पोटापाण्याचं. कीहोल लिंपेटचं हिमोसायनिन म्हणजे केएलएच, बायोटेकमध्ये कोणालाही विचारा. एखाद्या छोट्या रेणूविरुद्ध अँटिबॉडी हवी असेल तर तो एकटा टोचून शरीर ढुंकून बघत नाही. तो केएलएचवर चिकटवला, त्याच्यावर लायसिन ह्या अमिनो आम्लाचे भरपूर हुक असतात, की सशाचं किंवा उंदराचं शरीर खडबडून जागं होतं, कारण एवढं अवाढव्य, साखरांनी लगडलेलं, आणि सस्तन प्राण्याने जन्मात न बघितलेलं काहीतरी आत आलंय. पाहुण्याबरोबर बँडबाजा पाठवण्यासारखं.

१९७४ मध्ये अमेरिकेत मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांना फक्त प्रतिकारशक्ती तपासायला म्हणून केएलएच टोचलं होतं, आणि लक्षात आलं की ज्यांना टोचलं त्यांच्यात गाठी पुन्हा येण्याचं प्रमाण कमी. तिथून त्यावर औषध म्हणून काम सुरू झालं.

आणि एवढं असूनही हे प्रथिन अख्खं बनवायला अजून लिंपेटच लागतो. बॅक्टेरियाला ही ३४०० ची साखळी, साखरा, तांबे, पिंपाची जुळणी हे सगळं झेपत नाही, सुटा एखादा मणी बनवून घेता येतो. म्हणून कॅलिफोर्नियात पोर्ट वायनीमीला (लिहितात ह्यूनेमे, म्हणतात वायनीमी) समुद्राच्या पाण्याच्या टाक्यांत लिंपेट अंड्यापासून वाढवायचं तंत्र बसवलं. पायातल्या रक्ताच्या पोकळीत सुई घालून रक्त काढतात आणि प्राणी परत टाकीत सोडतात. त्याचं रक्त आपल्यासारखं जेलीसारखं गोठत नाही, पेशींचा गुठळा होतो तो सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवायचा, वरचा निळसर द्रव घ्यायचा, मग गाळणं, शुद्ध करणं. चिलीमध्ये लोको नावाची खायची समुद्री गोगलगाय आहे, तिचं हिमोसायनिनही ह्याच कामाला पर्याय म्हणून वापरतात.

माझी फजिती पण सांगून टाकतो. नवीन होतो तेव्हा द्रावणाची कुपी आली, मी हुशारीने उणे वीसला ठेवली, सगळी प्रथिनं तिथेच ठेवतात म्हणून. दुसऱ्या दिवशी वितळवली तर निळसर झाक असलेल्या द्रवाच्या जागी ताकावर येतो तसा पांढरा चोथा. केएलएच द्रावण गोठवायचं नसतं, पिंपं एकमेकांत अडकून गठ्ठे होतात. लेबलवर लिहिलेलं होतं. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त कुपीची किंमत वहीत माझ्या नावापुढे लिहून ठेवली, आणि ती वही अजून आहे.

शंकासूर
शेवटची शंका. इतकं रक्त काढल्यावर लिंपेटला भरून काढायला वेळ लागत असेल ना?

प्रथिनवेडा
लागणारच. पाण्याचं आकारमान लवकर भरतं, प्रथिन भरायला वेळ लागतो. ताईंच्या त्या विखुरलेल्या विडी कामगारांनी घरोघरी बसून परत वळायचं ते सगळं, तांबं पण खाण्यातून आणि पाण्यातून थोडं थोडं जमवायचं. म्हणून दोन वेळांमध्ये विश्रांती द्यावी लागते.

मालवणी_तडका
बुधवारचा रिपोर्ट. पहाटे होडी लागली तिथेच जाऊन दोन जिवंत कुर्ल्या घेतल्या, फडफडत होत्या. घरी पायाच्या सांध्यात सुरीचं टोक घातलं नि पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत थेंब पाडले, चमचाभर. आधी राखाडी पाणी. बायको म्हणे काय खूळ लागलंय. दहा मिनिटांनी बघितलं तर कडेला निळसर झाक, खिडकीत उजेडाला धरली तर नीट दिसली, आणि मधे जेलीसारखं थिजलं होतं. बशी हलवली तर वरचं निळं, खालचं अजून तसंच राखाडी. पोरगा शाळेत न्यायची म्हणून हट्ट करत होता, वास येईल म्हणून नाही दिली.

मग तीच बशी तव्यावर धरली, निळं गेलं, पांढरं झालं, दह्यासारखं. आता कळलं कुर्ल्यांच्या सांध्याला शिजल्यावर ते पांढरं काय चिकटलेलं असतं ते, आम्ही आपलं चरबी म्हणायचो.

खाडीकाठ
दादा!!! हेच ते. थिजलं ते चिंबोरीचं म्हणून, लिंपेटचं नसतं थिजलं तसं. फोटो आहे का?

मालवणी_तडका
फोटो काढायच्या आधी मांजराने बशी चाटली.